पहिली भाकरी तपासणीला

आक्कांनी आयुष्यात कधी दारूचा थेंब घेतलेला नाही, हे मला गेल्या काही वर्षांत इतक्या जणांना सांगावं लागलं की शेवटी मी ते त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर, साखरेच्या आणि रक्तदाबाच्या नोंदीच्याही वर, ठळक लिहून टाकलं. लिव्हर सिरॉसिस म्हटलं की माणसं आधी ग्लासाचं विचारतात. बाईला विचारताना जरा चाचरतात, पण विचारतात. आक्का त्यावर माझ्यापेक्षा बरं उत्तर द्यायच्या. "पीत हुते की," म्हणायच्या, "च्या. साखर दाबून." आणि ते खरंच होतं. वर्षानुवर्षांचा मधुमेह, लिव्हरवर साचलेली चरबी आणि कधीच न केलेल्या तपासण्या, एवढ्यावर त्यांचं लिव्हर आतून आवळून कडक झालं होतं.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मोशीतलं आमचं कुटुंब जुनं, घर मात्र नवीन. शेताच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यातून आमचंही दुमजली घर झालं. मी आकुर्डीची, कामगाराची मुलगी. लग्न होऊन इथे आले तेव्हा किराण्याच्या, सणाच्या, औषधांच्या याद्या करायची माझी सवय बघून आक्कांनी मला 'रेशन दुकान' असं नाव ठेवलं होतं. राग कधी आला नाही. त्या ज्याला नाव ठेवतात त्याला जेवायलाही वाढतात, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

थोरले दीर गेल्यावर आक्कांनी तळमजल्यावर खानावळ सुरू केली. गिऱ्हाईक सगळं कंपन्यांमधलं: लातूर, बीड, यवतमाळकडून आलेली, खोल्या करून राहणारी माणसं. आक्कांची लेक लग्न होऊन नाशिकला. मदतीला गल्लीतलीच एक बाई, जी चपात्या लाटते आणि भाज्या बघते. पण भाकरीला आक्का कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. खानावळीत लोक भाकरीसाठी येत, आणि हे त्यांना चांगलं माहीत होतं.

आजार कळला तो रक्ताच्या उलटीने. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्या होत्या. एंडोस्कोपी करून त्या शिरांना रबराच्या रिंगा बसवल्या. पुढे पोटात पाणी व्हायला लागलं. पोट इतकं वाढायचं की त्यांना बसून जेवता येईना, श्वास पुरेना. पाणी काढायच्या गोळ्या दिल्या तर किडनीचे आकडे बिघडले. मग हॉस्पिटलमध्ये जाऊन सुई घालून पाणी काढायचं, थोडे दिवस बरं वाटायचं, की पुन्हा पोट टम्म. गल्लीतल्या कोणा बाईने पोटाकडे बघून तोंडाला पदर लावला तेव्हा आक्काच तिला म्हणाल्या, "बघतीस काय? बारशाला ये." ती बाई पळाली. आक्का घरात आल्या आणि भिंतीला टेकून बराच वेळ नुसत्या दम घेत बसल्या.

पिंपरीच्या बाजूच्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये आम्हाला टिप्सबद्दल सांगितलं गेलं. पोट न फाडता करायची प्रक्रिया. मानेतल्या शिरेतून बारीक तार आत न्यायची, ती लिव्हरपर्यंत पोचवायची आणि लिव्हरच्या आतूनच एक छोटी नळी, म्हणजे स्टेंट, बसवायचा. हे करणाऱ्या डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी कागदावर चित्र काढलं. आतड्यांकडून येणारं रक्त एका मोठ्या शिरेने लिव्हरमध्ये जातं. लिव्हर कडक झालं की ते तिथेच तुंबतं. तुंबलेलं रक्त मग आजूबाजूच्या लहान शिरांमध्ये घुसतं, त्या फुगतात, फुटतात, आणि त्याच दाबामुळे पोटात पाणी झिरपतं.

"चाकणच्या चौकागत," आक्का म्हणाल्या. "हायवे तुंबला की समदी वाहनं गावाच्या गल्लीत."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाल्या. "आम्ही बायपास काढणार."

आक्कांना ते पटलं. मला मात्र तिथे एक गोष्ट खटकली, आणि ती माझ्या नोकरीमुळे खटकली. मी चाकणच्या एका कंपनीत तपासणी विभागात आहे. बाहेरून येणारा सुटा माल आधी आमच्याकडे उतरतो. आम्ही मापं घेतो, खराब बाजूला काढतो, मग तो असेंब्लीला जातो. लिव्हर हे शरीराचं आमच्यासारखंच खातं आहे, एवढं मला तोवरच्या वाचनातून कळलं होतं. मी विचारलं की नळीतून जे रक्त लिव्हरला वळसा घालून पुढे जाईल, त्याची तपासणी कोण करणार?

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, कोणीच नाही, आणि हाच या प्रक्रियेचा मोठा धोका आहे. आतड्यात तयार होणारी अमोनियासारखी द्रव्यं एरवी लिव्हर गाळतं. नळी बसवली की त्यातली काही थेट मेंदूपर्यंत पोचतात. काही रुग्णांना गुंगी येते, काहींना भ्रम होतो, माणसं ओळखू येत नाहीत. औषधाने बहुतेक वेळा ते आवरतं. नाहीच आवरलं तर नळी बारीक करावी लागते, आणि मग पोटातलं पाणी परत येऊ शकतं. शिवाय लिव्हर होतं तेच राहणार, नळीने ते बरं होत नाही, हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं. लिव्हर बदलण्याचा विचार आक्कांचं वय आणि बाकीची दुखणी बघून तूर्त बाजूला ठेवला होता.

माझ्या सासूबाईंचं शेवटच्या वर्षांत डोकं गेलं होतं, आणि त्यांचं सगळं आक्कांनीच केलं होतं. सासूबाईंच्या समोर बसून लोक त्यांच्याबद्दल बोलायचे, जणू त्या तिथे नाहीतच. आक्कांनी ते रोज पाहिलं होतं.

"डॉक्टर, पोट ऱ्हायलं तरी चालंल मला," त्या म्हणाल्या. "पण डोकं गेलं तर ही मंडळी चूल दुसरीच्या हातात देतील आन् मला खोलीत बसवतील. तसलं जगनं नको."

मी म्हटलं, कोणी बसवणार नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं सुद्धा नाही. डॉक्टर म्हणाल्या की भ्रम एकदम येत नाही, आधी बारीक खुणा दिसतात. घरच्यांनी त्या ओळखल्या आणि लगेच कळवलं तर वेळेवर आवरता येतं. मग आक्कांनी माझ्याकडे पाहिलं.

"ही वळखंल," त्या म्हणाल्या. "हिला दुसरं काय येतंय?"

आणि त्यांनी सही केली.

प्रक्रिया व्यवस्थित पार पडली. बाहेर मी आणि माझे मिस्टर बसलो होतो. मी सगळे कागद क्रमाने लावले होते आणि ते एकदाही कोणी मागितले नाहीत. आक्का बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या मानेवर एक चिकटपट्टी होती, बस. एवढ्या मोठ्या दुखण्याची एवढीशी खूण बघून मिस्टरांना खरं वाटेना. त्यांनी परिचारिकेला विचारलं की आज फक्त तपासणी होती का.

पोट त्यानंतर एकदम नाही, हळूहळू उतरलं. मीठ कमीच ठेवायचं होतं. काही आठवड्यांनी शेवटचं थोडं पाणी काढावं लागलं आणि त्यानंतर सुई लागलीच नाही. पाय बारीक झाले, चेहऱ्याला रंग आला. लोकांनी डाळ, अंडी बंद करा म्हणून सल्ले दिले. डॉक्टरांनी उलट सांगितलं होतं की उपाशी ठेवू नका, डाळ, दही, अंडी द्या आणि झोपण्याआधी काहीतरी खायला द्या. मी ते स्वयंपाकघरात फळीवर चिकटवलं. सल्ला द्यायला येणाऱ्याला मी आधी ते वाचायला लावायची.

औषध म्हणून एक गोड, चिकट सिरप होतं. त्याने रोज दोन-तीन वेळा पोट साफ व्हायलाच पाहिजे, म्हणजे ती द्रव्यं आतड्यातूनच बाहेर पडतात. आणि लक्ष ठेवायच्या खुणा अशा: दिवसा झोप आणि रात्री जागरण, विसर, अक्षर बिघडणं, हात पुढे करून पंजा वर धरला की तो पंख फडफडल्यासारखा खाली पडणं. आणि चिडचिड. ही शेवटची खूण ऐकून माझे मिस्टर म्हणाले, "चिडचिड धरायची म्हटली तर वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हापासनं आजारी आहेत." आक्कांनी हातातला टॉवेल त्यांच्या अंगावर फेकला. टॉवेल नेमका लागला, म्हणून आम्ही ती चाचणी पास धरली.

पण रोज काय तपासायचं हा प्रश्न होताच. डॉक्टर म्हणाल्या होत्या, रोज सही करून घ्या आणि कालच्या सहीशी ताडून बघा. आक्कांची सही मुळातच दरवेळी वेगळी. सहीऐवजी कागदावर चांदणी काढायला सांगितली तर म्हणाल्या, "बालवाडीत घालतीस का मला?" दोन दिवसांत मी तो नाद सोडला.

कंपनीत मी सुरुवातीची बरीच वर्षं लाइनवर तपासणी केली आहे. तिथे एक साधा नियम असतो. शिफ्ट सुरू झाली की मशीनवरून निघालेला पहिला पीस तपासणीला यायचा. तो पास झाल्याशिवाय दुसरा काढायचा नाही. मशीन काल कसं चाललं याला काही अर्थ नसतो. आज ते कसं आहे ते पहिला पीस सांगतो. आक्का पुन्हा चुलीपाशी उभ्या राहायला लागल्या, आधी घरच्यापुरत्या आणि मग खानावळीसाठी, तेव्हा मला सुचलं. मी त्यांना म्हटलं, रोजची पहिली भाकरी मला दाखवायची. मी कंपनीच्या बसला जायच्या आधी.

भाकरीइतकी कडक चाचणी शोधून सापडली नसती. पाणी किती, पीठ किती मळायचं याला डोकं लागतं. थापताना दोन्ही तळव्यांचा दाब सारखा लागतो. आणि थापलेली भाकरी परातीतून उचलून हातावर घेऊन तव्यावर सोडायची असते, त्या वेळी मनगट जरा जरी लटपटलं तरी ती दुमडते नाहीतर फाटते. आक्कांना ही कल्पना सहीपेक्षा बरी वाटली, कारण यात त्यांचाच मान होता. पहिल्या दिवशी त्यांनी टम्म फुगलेली ज्वारीची भाकरी माझ्यासमोर आदळली. "घे, मार शिक्का."

मी खरोखर निरखून बघायची. कडा, गोलाई, मधली जाडी. आक्कांच्या उजव्या हाताचं करंगळीजवळचं बोट जुन्या दुखापतीमुळे नीट वळत नाही, त्यामुळे त्यांच्या भाकरीला एका बाजूला कडेवर एक उथळ दाब असतो. तो दिसला की मी म्हणायची, पास, आणि तीच भाकरी डब्यात घालून न्यायची. तपासणी विभागात दुपारी ती भाकरी चार जणांत वाटली जायची. असे महिने गेले. डॉप्लर सोनोग्राफीत नळी मोकळी आहे असं आलं, दोनदा. एंडोस्कोपीत फुगलेल्या शिरा बसलेल्या दिसल्या. कोणी न विचारताही मी ऑफिसात हे सांगायला लागले होते.

मग साखरपुड्याची ऑर्डर आली. गल्लीतल्याच एका घरचा कार्यक्रम, त्यांना झुणका-भाकर हवी होती आणि ती आक्कांच्याच हातची. आजारपणानंतरची पहिली मोठी ऑर्डर. त्या आठवड्यात मीही गडबडीत होते, कंपनीत ऑडिट होतं.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तयार होऊन खाली गेले. आक्का स्टुलावर बसल्या होत्या. मदतीची बाई तव्यापाशी. ओट्यावर ताटलीत पहिली भाकरी झाकून ठेवलेली. आक्का म्हणाल्या, "झालीय. बग आन् जा, बस सुटंल."

भाकरी उत्तम होती. गोल, एकसारखी, छान पापुद्रा सुटलेला. मी ती डब्यात घालणार होते. पण हात थांबला. मी ती उजेडात धरून फिरवली. कडेवर कुठेच दाब नव्हता. मध्ये जरा पातळ आणि कडेला जाड होती. कुठला पीस कुठल्या मशीनवरून आलाय हे आम्हाला न सांगता कळतं, आणि हा पीस आक्कांच्या मशीनचा नव्हता.

"आक्का, ही कोणी केली?"

"मी. आनखी कोन करंल?"

मदतीची बाई तव्याकडे बघत राहिली. तव्यावर काहीच नव्हतं.

"मग अजून एक करा. माझ्यासमोर."

आक्का उठल्या नाहीत. कंपन्यांमध्ये हे चालतं, मी आयुष्यभर बघत आले आहे. मशीन बिघडलंय हे माहीत असलेला माणूस आदल्या शिफ्टचा चांगला पीस कपाटात जपून ठेवतो आणि सकाळी तोच तपासणीला पुढे करतो. पण ही युक्ती आक्कांना कोणी शिकवलेली नव्हती. खानावळीत जेवायला बसणारी माणसं रोज हसत हसत हेच किस्से सांगत असतात, त्यातूनच त्यांनी ती उचलली असणार.

"हात न्हाई चालंना कालपासनं," त्या शेवटी म्हणाल्या. "उचलली की पडतीया."

मी त्यांना हात पुढे करायला सांगितलं. पंजे वर धरले आणि ते सारखे खाली पडत होते. वार विचारला, तर विचार करून चुकीचा सांगितला. मला आधी आठवतं ते हे की मला त्यांच्यावर राग आला, मग त्यांचा चेहरा बघून तो गेला. त्यांना चुकल्याचं वाईट वाटत नव्हतं. त्या घाबरल्या होत्या.

सगळं बाहेर आलं. ऑर्डरच्या दोन दिवसांत त्यांनी सिरप घेतलंच नव्हतं. "भाकऱ्या थापू का संडासात पळू?" पोट साफ झालं नाही, हात फडफडायला लागले, आणि मग त्यांना वाटलं की मी फोन केला तर डॉक्टर नळी बारीक करतील, पोट परत येईल. आणि फोन केला नाही तरी मी त्यांना चुलीवरून उठवेन. म्हणून त्यांनी त्या बाईला गळ घातली होती, फक्त आजच्यापुरती.

"तू पोलिसागत हुबी ऱ्हातीस," आक्का म्हणाल्या. "मी काय करावं?"

माझी बस गेली. मी हॉस्पिटलला फोन केला, फाइल उचलली आणि रिक्षा बोलावली. रस्ताभर आक्का डोळे मिटून होत्या आणि मधूनच विचारत होत्या की आपण नाशिकला निघालोय का. तो रस्ता मला फार लांब वाटला.

हॉस्पिटलमध्ये रक्त तपासलं, एनिमा दिला, सिरप सुरू केलं, सलाइन लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले तेव्हा आक्का शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होत्या की इथली उसळ कच्ची आहे आणि फोडणीत हिंग नाही. मी दारात उभी राहिले आणि मला इतकं हलकं वाटलं की लगेच आत जाववेना.

डॉक्टर म्हणाल्या, लवकर आणलंत, सुरुवातीलाच सापडलं. कारण स्पष्ट आहे, औषध बंद झालं म्हणून झालं. नळीला हात लावायची गरज नाही. हे वाक्य ऐकताना आक्कांनी माझं मनगट धरलं होतं, जोरात.

आक्कांना घरी आणल्यावर मी दोन गोष्टी केल्या, आणि दोन्हींचा मला आजही अभिमान आहे. पहिली सोपी होती. सिरपच्या वेळा आणि खानावळीच्या वेळा एकमेकांवर आदळत होत्या. मी दोन्ही शेजारी मांडल्या. डबे निघायच्या आधीची गर्दी, दुपारची रिकामी वेळ, संध्याकाळची जेवणं. डोस असे सरकवायचे की संडासला जायच्या वेळा रिकाम्या तासांत पडतील. हे मी डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी त्यात एक बदल केला आणि होय म्हटलं. आक्कांचा मुख्य त्रास तिथेच संपला. तोपर्यंत त्यांना हे कोणाशी बोलायची लाज वाटली होती.

दुसरी गोष्ट मला जड गेली. लाइनवर काम करताना मला एक गोष्ट उशिरा कळली होती. तपासणारा जितका दरडावून उभा राहतो, तितके खराब पीस लपवले जातात. चांगल्या लाइनवर मशीन चालवणारा माणूस आपला पीस आपणच मोजतो आणि आपणच बाजूला काढतो. हे मी नव्या मुलींना शिकवते, आणि घरी मात्र रोज सकाळी शिक्का घेऊन उभी होते. मी आक्कांना सांगितलं की उद्यापासून पहिली भाकरी मी बघणार नाही. तुम्हीच बघायची. नापास वाटली तर थांबायचं, सिरपचं बघायचं, हॉस्पिटलच्या नंबरवर सांगायचं, मग मला. चुलीवरून तुम्हाला कोणी उठवणार नाही. उठायचं का नाही ते तुम्ही ठरवायचं.

"आन् डोकंच फिरल्यालं आसंल तर मला काय कळंल?" त्यांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, भाकरी कळते ना तुम्हाला? झोपेत सुद्धा कळते. डोक्याचं राहू द्या, भाकरी बघा. आणि मदतीच्या बाईलाही मी त्यांच्यासमोरच सांगितलं की तिला शंका आली तर तिने मला थेट फोन करायचा. ती म्हणाली, "करीन." आक्का तिला म्हणाल्या, "बरी फितूर झालीस गं." पण हसल्या.

पहिले काही दिवस मी बसमध्ये बसल्यावर सारखा फोन काढून बघायची. मिस्टर म्हणाले, तपासणी वहिनींची बंद झाली, आता तुझी सुरू करूया. मी रोज डबा उघडला की भाकरीची कड बघतच होते. ती सवय काही गेली नाही, आणि जावी असं वाटतही नाही. दाब तिथेच असायचा.

मग थंडीच्या दिवसांत एका सकाळी, मी मालाच्या पेट्या उघडत असताना, फोन वाजला. आक्का सहसा कामाच्या वेळी फोन करत नाहीत. मी हातमोजे काढले.

"धाकटे, आज पैली नापास," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता, जरा सावकाश. "फाटली. दुसरी करून बगितली, ती बी फाटली. रातच्याला झोप न्हाई. काल पोट नीट झालं न्हाई. हास्पिटलात फोन केला, त्यांनी डोस वाढवून घ्यायला सांगितलंय आन् दुपारपत्तुर फरक न्हाई पडला तर या म्हनाले. तवा हिच्याकडं दिलाय. तू कामावं ऱ्हा."

मी म्हटलं, मी येते.

"कशाला? ऱ्हा म्हनलं ना."

आणि त्यांनी फोन ठेवला.

हातमोजे पुन्हा चढवायचं मला सुचलं नाही. माझ्या हाताखालच्या मुलीने विचारलं, मॅडम, काही प्रॉब्लेम? मी नाही म्हटलं. मग तिला सगळं सांगितलं, टिप्सपासून, नळीपासून, आणि ती नुसती मान हलवत राहिली, कारण सांगता सांगता मी हसतही होते. ज्या बाईला आपलं डोकं जाईल या भीतीने झोप लागत नव्हती, तिने आपलं डोकं जरा ढळतंय हे स्वतः ओळखलं होतं, कारण सांगितलं होतं, उपाय सुरू केला होता, खानावळ चालू ठेवली होती आणि मला कामावर राहायचा हुकूम केला होता. आमच्या कंपनीत मोठमोठ्या पगाराच्या माणसांना एवढं एका फोनमध्ये सांगता येत नाही.

मी घरी गेले नाही. दुपारी मदतीच्या बाईचा फोन आला की आक्कांचं पोट साफ झालं, त्यांनी वरण-भात खाल्ला आणि झोपल्या, आणि झोपण्याआधी वार बरोबर सांगितला, न विचारता.

संध्याकाळी मोशीला बसमधून उतरून मी सरळ खानावळीत शिरले. सगळी टेबलं भरली होती. तव्यापाशी मदतीची बाई, भाकऱ्या जरा जाड, जरा वेड्यावाकड्या. आक्का कोपऱ्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी हात मांडीवर ठेवले होते आणि तिथूनच सगळ्यांवर नजर होती. कोणाला ठेचा हवाय, कोणाचं ताट रिकामं झालंय, कोण महिनाभराने गावाहून परतलाय. एका नव्या माणसाने भाकरी उलटीपालटी करून बघितली आणि शेजाऱ्याला म्हणाला, नाव तर फार ऐकलं होतं राव.

"आज माझा हात सुट्टीवर हाय," आक्का त्याला म्हणाल्या. "परवा ये. आन् परवा बी आशीच लागली तर जेवन फुकट."

माणसं हसली. मी त्यांच्या खुर्चीपाशी गेले. हात पुढे करा म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. आक्कांनी मान वर करून मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"चेहरा उतरलाय तुझा," त्या म्हणाल्या. "दुपारी जेवलीस का न्हाई?"

मी जेवले नव्हते. त्यांनी तव्याकडे बघून माझं ताट वाढायला सांगितलं.